दोन बोटं टाच

बूट टेबलावर आले तेव्हा फक्त टाळ्या वाजायच्या राहिल्या होत्या. आईनं डोळे पुसले. थोरल्या मुलानं एक बूट उचलून खिडकीच्या उजेडात फिरवून पाहिला आणि "अप्पा, हात अजून तोच आहे हं तुमचा," असं म्हणून घेतलं. अप्पा दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते, कारण हात तोच राहिला नव्हता, थरथरत होता, आणि हे इतर कुणाच्याही आधी त्यांना माहीत होतं.

दीड वर्षानंतर या घरात नवा बूट तयार झाला होता. लेकीचा पाय गेला त्या दिवसापासून अप्पा बाकावर बसले नव्हते. खालचं दुकान थोरला चालवायचा, म्हणजे झिजलेले तळ बदलायचा, उसवलेलं शिवायचा आणि तयार माल विकायचा. अप्पा वरच्या खोलीत खिडकीशी बसून रस्त्यानं जाणाऱ्यांचे पाय बघत राहायचे. तीन आठवड्यांपूर्वी एका सकाळी ते आपले आपण खाली आले, एप्रन बांधला, चामडं कापायच्या रापीला धार लावायला घेतली आणि कुणाकडं न बघता म्हणाले, "तिच्या परीक्षेला बूट नको का?" तेव्हा घरानं जो श्वास रोखून धरला होता, तो आज सुटला.

परीक्षा उद्याची होती. लेक टपाल वाटायची. तिचं कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण चालायला लागली तेव्हापासून ती एका जागी ठरली नाही, तेव्हा आईच म्हणाली, पायाला भिंगरी बांधूनच आलीय ही, आणि मग सगळे तिला भिंगरीच म्हणायला लागले. अकरा वर्षं तिची एकच वाट होती. बाजारातून निघायचं, टेकडीवरच्या पाणीटाकीपर्यंत चढायचं, मागच्या बाजूच्या पायऱ्यांनी उतरायचं. दोनशे चौदा दारं आणि खांद्याला पिशवी. मग एका सकाळी वळणावर मालाची गाडी मागं न बघता मागं आली. उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

आता कार्यालयाचं म्हणणं असं, की साहेबांच्या देखत तिनं पूर्ण वाट भरल्या पिशवीनिशी साडेतीन तासांत चालून दाखवावी. जमलं तर वाट तिची. नाही जमलं तर कायमची आतली खुर्ची, दिवसभर शिक्के मारत बसायचं. पुन्हा संधी नव्हती. त्या वाटेसाठी दोन धडधाकट माणसं रांगेत उभी होती आणि त्यांचंही पोट होतं.

चार महिने ती रोज उजाडता उजाडता बाहेर पडत होती. पिशवीत वजन हवं म्हणून दुकानातले लाकडी साचे भरायची, ज्यांच्यावर चामडं ताणून बूट शिवतात ते. जुन्या गिऱ्हाइकांच्या पायांचे साचे, बरीचशी गिऱ्हाइकं देवाघरी गेलेली. "आज शाळामास्तरांना खांद्यावर घेऊन टेकडी चढले," असं ती आल्या आल्या सांगायची. "जड गृहस्थ. मेले तरी वजन काही उतरलं नाही." नव्या पायाचं नाव आईनं 'जावई' ठेवलं होतं. तो येता जाता रुसायचा, टोचायचा, त्याला बसायला वेगळी जागा लागायची आणि वर त्याला बोलायची सोय नव्हती. "जावई काय म्हणतात आज?" असं घरात रोज विचारलं जायचं. हसणारं घर होतं ते. पुढचं सगळं त्या हसणाऱ्या घरात झालं, हे मला मुद्दाम सांगावंसं वाटतं.

बूट टेबलावर आले तेव्हा थोरल्याची बायको, वहिनी, भांडी विसळत होती. तिनं मान वळवून बूट पाहिले आणि तिची नजर थेट टाचेवर गेली. दोन बोटं. ही या घराण्याची टाच. थोरल्याच्या पणजोबांनी ठरवून दिलेली. गिऱ्हाईक बाई असो, पुरुष असो, हमाल असो की न्यायाधीश, टाच दोन बोटं, ना कमी ना जास्त. त्यापायी त्यांनी गिऱ्हाइकं घालवली होती, सख्खा भाऊ घालवला होता. गावात त्यांना टाचवालेच म्हणायचे.

"अप्पा," वहिनी हात पुसत म्हणाली, "टाच जरा उंच नाही का होत?"

"उंच?"

"पाय बसवला तेव्हा मी होते ना हिच्याबरोबर. त्या बाईंनी बजावलं होतं. हा पाय घोट्यात वाकत नाही, सपाट बुटाच्या हिशेबानं बसवलाय. टाच अर्ध्या बोटाच्या वर गेली की अख्खा पाय पुढं झुकतो म्हणे. बूट बदलायचा तर आधी त्यांना दाखवायचा, मग त्या पाय नीट करून देतात."

"कोण बाई?"

"पाय करणाऱ्या."

"बूट करतात?"

"बूट नाही, पण..."

"मग झालं." अप्पा हसले. दीड वर्षात त्यांचं हसू दिसलं नव्हतं, त्यामुळं त्या हसण्याला कुणी हात लावेना. "सूनबाई, पन्नास वर्षं टाच लावतोय मी. माणूस दोन बोटांवर ताठ उभा राहतो. सपाट बुटात त्याचं बदक होतं. चार महिने ही त्या कापडी चपट्या बुटांत फदफदत चाललीय. बघवत नाही मला खिडकीतून."

"मी आपलं कानावर आलं ते सांगितलं."

"तुला कशाला पाहिजेत नसत्या उठाठेवी?" थोरला म्हणाला आणि त्यानं भुवया उडवल्या. ती खूण वहिनीला अठरा वर्षं पाठ होती. खुणेचा अर्थ, आत्ता नको, नंतर बोलू. नंतर कधीच काही बोलणं होत नसे.

तिनं सासूकडं पाहिलं. सासू चुलीकडं वळली. तिनं नणंदेकडं पाहिलं. भिंगरी मान खाली घालून बुटाची नाडी ओवत होती, एकेक भोक मन लावून. जिचा पाय तीच बोलत नाही तर मी कशाला वाईट होऊ, असं वहिनीच्या मनात आलं आणि ती पुन्हा भांड्यांकडं वळली. सुनेनं एकदा सांगितलं तर ते सांगणं असतं. दोनदा सांगितलं तर ती शहाणपणा शिकवते. तिसऱ्यांदा सांगितलं की तिच्या माहेरचा उद्धार होतो. ती एकदा सांगून मोकळी झाली.

मग बूट ऐकायचा कार्यक्रम झाला. टाचवाल्यांची ही रीत. नवा बूट घालून गिऱ्हाइकानं दुकानाच्या फळ्यांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायचं आणि घरच्या कर्त्यानं डोळे मिटून ऐकायचं. बूट कुठं चावतोय ते गिऱ्हाइकाला कळायच्या आत अप्पा सांगायचे, "डाव्या करंगळीला लागतोय, काढा." गिऱ्हाईक गार व्हायचं.

सगळे खाली गेले. अप्पा स्टुलावर बसले आणि त्यांनी डोळे मिटले. भिंगरी चालली.

डाव्याचा आवाज स्वच्छ होता. आधी टाच, मग तळवा, मध्ये एक श्वास. उजव्याचा तसा नव्हता. टाच टेकते न टेकते तोच तळवा घाई करून आपटत होता. अप्पांनी ते पहिल्याच पावलाला ऐकलं. दुसऱ्याला ऐकलं, तिसऱ्याला ऐकलं. दुसरं कुणी गिऱ्हाईक असतं तर ते तिथंच म्हणाले असते, काढा. पण ती भिंतीपर्यंत गेली, वळली, परत आली, आणि तीन आठवडे थरथरत्या हातांनी घातलेला एकेक टाका त्यांच्या डोळ्यांसमोरून गेला. नवं चामडं आहे, ते मनाशी म्हणाले. ताठ आहे. उद्या दहा दारं झाली की नरम पडेल.

"काय म्हणतोय?" भिंगरीनं विचारलं.

त्यांनी डोळे उघडले. "फक्कड," ते म्हणाले.

"मग झालं तर," ती म्हणाली.

सकाळी साहेब बाजाराच्या तोंडाशी उभे होते. पोट सुटलेला, साधा माणूस. हातात कागद, गळ्यात शिट्टी, शिट्टी कशाला ते त्यांनाही सांगता आलं नसतं. "मी मागून येतो," ते म्हणाले. "तुला मदत करायची नाही असं लिहिलंय. मला कुणी मदत करायची नाही असं कुठं लिहिलेलं नाही, तेव्हा वाटेत मी बसलो तर थांब बाई."

भिंगरी हसली. पिशवी खांद्याला लावली आणि निघाली.

पहिली चाळीस दारं तिला कळलीसुद्धा नाहीत. दारं तिला ओळखत होती. इस्त्रीवालीनं गरम इस्त्री हातात धरूनच बाहेर धाव घेतली आणि ओरडली, "आलीस का गं भवाने!" औषधाच्या दुकानदारानं पत्र घेताना तिच्या पायाकडं बघायचं टाळलं आणि टाळताना पुरतं बघून घेतलं. एका म्हाताऱ्यानं सही करायला एवढा वेळ लावला की साहेब म्हणाले, "ही तीन मिनिटं मी धरत नाही." सगळं ठीक चाललं होतं. फक्त सपाट रस्त्यावर तिला उतार लागत होता. गुडघा सारखा पुढं ढकलला जात होता आणि ती मांडीनं त्याला मागं ओढत होती. प्रत्येक पावलाला. मांडी भाजायला लागली.

पण मग टेकडी लागली आणि चमत्कारच झाला. चढाला तीच टाच मदतीला आली. चार महिन्यांत टेकडी इतकी सोपी कधीच गेली नव्हती. पाय आपला आपण वर चालला होता, अप्पांनी खालून हात लावल्यासारखा. ती पाणीटाकीपाशी पोचली तेव्हा ठरल्या वेळेपेक्षा वीस मिनिटं हाताशी होती. साहेब मागून धापा टाकत आले आणि दगडावर बसले. "मला पेन्शनीत काढा," ते म्हणाले. "वाट हिला द्या, आणि मलाही हिच्यासारखा पाय बसवून द्या."

ती खळखळून हसली. अप्पांना हे सांगायचं, असं तिनं ठरवलं. दोन बोटांवर माणूस ताठ उभा राहतो, खरं आहे तुमचं. तो विचार मनात घेऊनच ती पायऱ्यांकडं वळली.

पायऱ्या बासष्ट होत्या. सतराव्या पायरीवर उजवा पाय ठेवला तेव्हा गुडघा पुढं गेला आणि या वेळी मांडीनं त्याला मागं ओढलं नाही. मांडीत काही उरलंच नव्हतं. ती तोंडावर जाऊ नये म्हणून बाजूला पडली. पिशवी उपडी झाली आणि पत्रं खालच्या पायऱ्यांवर पसरली. कोपर फुटलं. ती उठून बसली, पायरीवरच. साहेब वरून धावत आले, दोन दोन पायऱ्या घेत, आणि तिच्यासमोर उकिडवे बसून काहीतरी विचारायला लागले.

घरात कोंबडी शिजत होती. आईनं सकाळपासून दार सताड उघडं ठेवलं होतं. एक वाजला, दीड वाजला. अप्पा तिसऱ्यांदा जिना उतरून पुन्हा चढले.

साहेबच तिला घेऊन आले. तिच्या पँटीचा गुडघा फाटला होता, कोपराला रुमाल बांधला होता. ती कुणाशी न बोलता आत आली आणि जेवणाच्या टेबलाजवळच्या खुर्चीत बसली. साहेब उंबऱ्यातच उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत. "मला फार वाईट वाटतंय," ते म्हणाले. "चढ काय चढली ही! मी असं कुणी चढताना पाहिलं नाही. पायऱ्यांवर गेला पाय."

"मग आता?" आईनं विचारलं.

"आता कागद आहे ना, काकू. पूर्ण झाली का, तर नाही. का नाही, ते लिहावं लागतं. मी विचारलं हिला, बुटाचा काही दोष आहे का? बुटाचा असता तर नियमात बसत होतं. दुसरे बूट मागवून घे, मी इथंच थांबतो, पायऱ्याच तेवढ्या राहिल्यात, वेळही आहे हाताशी. दोनदा विचारलं. नाही म्हणाली. बुटाला काही झालेलं नाही, पायच भार घेत नाही म्हणाली. मग मला तसंच लिहावं लागलं." त्यांनी कागद टेबलाच्या कडेला ठेवला, हळूच, झोपलेल्या माणसाजवळ ठेवावा तसा. "सोमवारी दहाला ये गं. खिडकीजवळची खुर्ची देतो."

ते गेले. त्यांची पावलं जिन्यावर वाजून थांबली.

"मी सांगितलं होतं," वहिनी म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक होता.

"आता तू सुरू नको होऊस," थोरला म्हणाला.

"मी सांगितलं होतं ना? सगळ्यांसमोर सांगितलं होतं."

"एकदा सांगितलंस! एकदा!" अप्पा कडाडले. "एवढं ठाऊक होतं तर बूट आगीत का नाही घातलेस? तोंडाला काय कुलूप होतं?"

"कुलूप?" वहिनीनं हातातला डाव टेबलावर आपटला. रस्सा थोरल्याच्या शर्टावर उडाला. "कुलूप तुम्हीच लावलंत! त्या पायवाल्या बाई बूट करतात का म्हणालात. अठरा वर्षं मी या घरात जेवण करते, तुमची औषधं आणते, हिचा पाय कापला तेव्हा चाळीस दिवस दवाखान्यात फरशीवर झोपले. आणि टाच उंच झाली म्हटलं तर मी कोण? परकी! तेव्हा परकी आणि आता म्हणे आगीत का नाही घातलेस!"

"अगं, अप्पांशी बोलतेयस तू," थोरला म्हणाला.

"तू गप रे! तुला काल रात्री अंथरुणात पडल्यावरही सांगितलं होतं. काय म्हणालास? सांग ना आता. म्हणालास, त्यांचा आनंद आहे, घालेल एक दिवस, काय होतंय."

थोरला शर्ट पुसत राहिला. मग त्याचा हात थांबला. तो काही वाईट माणूस नव्हता, फक्त कुठल्याही भांडणात जो मोठ्यानं बोलेल त्याच्या बाजूला जाऊन उभं राहायची त्याला लहानपणापासून सवय लागली होती. आणि आज पहिल्यांदा बायको मोठ्यानं बोलत होती.

"खरं आहे तिचं, अप्पा," तो म्हणाला. "ती म्हणाली होती मला. मी उठून तुमच्या खोलीशी आलो होतो. तुम्ही बुटाला मेण चोळत गुणगुणत होतात. मी परत फिरलो."

"वा!" अप्पा म्हणाले. "म्हणजे घरात सगळ्यांना ठाऊक. आणि तू गं?" ते भिंगरीकडं वळले. "तुला ठाऊक नव्हतं? पाय तुझा ना?"

भिंगरी टेबलावरच्या कागदाकडं बघत होती.

"तिला नका बोलू," आई म्हणाली.

"का? का नको?"

"मी सांगितलं तिला घालायला."

आई सहसा बसून बोलायची नाही, काहीतरी करता करता बोलायची. आता ती समोरच्या खुर्चीत बसली आणि तिनं दोन्ही हात टेबलावर ठेवले. "ती काल माझ्याकडं आली होती. बूट ऐकून झाल्यावर. म्हणाली, आई, हे मला नाही जमायचे, मी कापडीच घालून जाते, अप्पांना तू सांग. मी म्हटलं, बाळ, एक दिवस घाल. दीड वर्षानं बाकावर बसलेत ते. आता तू हे परत केलेस तर पुन्हा उठायचे नाहीत. साडेतीन तासांचा तर प्रश्न आहे, म्हटलं. तू काय, तू आमची दणकट." ती टेबलाची कड बोटानं घासायला लागली. "असं म्हटलं मी. दणकट म्हटलं."

अप्पांनी तिच्याकडं पाहिलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली होती. या बाईनं आपल्याला काय काय सांगितलं नसेल, असं त्यांच्या मनात येऊन गेलं, आणि त्यांना आपलं घर अनोळखी वाटलं.

"म्हणजे कीव केलीत माझी," ते म्हणाले.

"अहो, कीव नाही..."

"कीवच. लहान पोरानं चिखलाची भाकरी करावी आणि आयांनी म्हणावं, वा वा, काय छान. तसं केलंत. पन्नास वर्षं गिऱ्हाईक माझ्या तोंडावर म्हणत आलं, मास्तर, चावतोय. मी काढून घ्यायचो, उसवायचो, पुन्हा करायचो. कधी राग नाही आला मला. गिऱ्हाइकाला तेवढं कळतं. आणि माझ्या घरात..." ते भिंतीला टेकले. "आणि मी तरी काय वेगळं केलं? मी ऐकलं होतं काल. पहिल्याच पावलाला. उजवा घाई करत होता. मला ऐकू आलं होतं गं पोरी. मी फक्कड म्हणालो."

आता कुणाला कुणावर ओरडायची सोय राहिली नाही. वहिनी खाली मान घालून रडायला लागली आणि थोरल्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो तिनं झटकला, मग राहू दिला. चुलीवरचं झाकण वाजत होतं, ते बंद करायला कुणी उठलं नाही.

अप्पा भिंगरीसमोर आले. गिऱ्हाइकासमोर बसायचे तसे एक गुडघा टेकून बसले, हे त्यांना आता सोपं नव्हतं, टेबलाची कड धरावी लागली. त्यांनी तिचा उजवा बूट मांडीवर घेतला. आतला पाय लाकडासारखा कडक होता. नाडीची गाठ कोपरातून गळलेल्या रक्तानं आणि धुळीनं चिकटली होती, ती सुटेना.

"मी जातो साहेबाकडं," ते गाठीशी झटत म्हणाले. "आत्ता जातो. हे बूट नेऊन त्याच्या टेबलावर ठेवतो. सांगतो, दोष माझा. टाच माझी. कागद फाड म्हणतो. गावभर सांगतो, मला काय त्याचं? टाचवाल्यानं स्वतःच्या लेकीला पाडलं असं म्हणू देत लोक. तुला काय गरज होती गं माझ्या नावावर पांघरूण घालायची? तो माणूस थांबत होता. बूट बदल म्हणत होता. माझं नाव राखायला तू वाट घालवलीस! कुणी मागितलं होतं तुझ्याकडं?"

"अप्पा."

"नाही, मला सांग, कुणी मागितलं होतं?"

"अप्पा, तुमचं नाव माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही."

गाठीवरची बोटं थांबली.

"खोटं कशाला सांगू," भिंगरी म्हणाली. तिचा आवाज सपाट होता, थकलेल्या माणसाचा. "तुम्ही सगळे आता म्हणाल, पोरीनं बापासाठी केलं. आई चार ठिकाणी सांगेल. तसं नव्हतं ते. मी पायरीवर बसले होते आणि साहेब विचारत होते, बुटाचं काही आहे का. मला ठाऊक होतं, हो म्हटलं की झालं. कापडी बूट मागवायचे, पंचेचाळीस पायऱ्या उतरायच्या. मला येत होत्या त्या. रोज उतरत होते. आणि मग उद्या पुन्हा. परवा पुन्हा. रोज सकाळी जावयाची मनधरणी करायची, हसायचं, शाळामास्तरांचे विनोद सांगायचे, म्हणजे तुम्हाला सगळ्यांना बरं वाटेल. दीड वर्ष मी जिथं बसले तिथून मला कुणी ना कुणी उठवलंय. चल, जमेल, तू दणकट आहेस. आणि तिथं पायरीवर ऊन होतं, आणि मी बसले होते, आणि ऊठ म्हणणारं कुणी नव्हतं. म्हणून मी नाही म्हटलं. मला उठायचंच नव्हतं, अप्पा."

आईनं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. आता वाटतंय तुला तसं, उद्या बरं वाटेल, असलंच काहीतरी तिच्या ओठांवर होतं. वहिनीनं तिचा हात धरला आणि मान हलवली.

"मी साहेबाला सांगतो," अप्पा पुन्हा म्हणाले, पण त्यांचा आवाज खाली गेला होता. "अजून कागद वर गेला नसेल. आत्ता उठलो तर..."

"नका जाऊ."

"अगं, वाट तुझी आहे ती. अकरा वर्षं..."

"नका जाऊ, अप्पा," ती म्हणाली. "बसू द्या मला."